पेनफोल्ड पाद्र्याचं माप

धारवाड
५ फेब्रुवारी १९६१

ती. ठकूआत्तेस,
साष्टांग नमस्कार.

बातमी चांगली आहे. आपल्या दुकानासमोरच्या चर्चला येत्या डिसेंबरात शंभर वर्षं होतात. कमिटीने इंग्रजीत इतिहासाचं पुस्तक काढायचं ठरवलंय आणि ते लिहायचं काम मला दिलंय. माझी कॉलेजातली नोकरी अजून हंगामीच आहे. नावावर एक छापील पुस्तक असलं तर पुढच्या जूनमध्ये कायम करू, असं प्रिन्सिपॉल स्वतः म्हणाले.

पहिलं प्रकरण पहिल्या पाद्र्याचं. रेव्हरंड अँब्रोज पेनफोल्ड. १८६१ साली विलायतेहून आला, तीन वर्षांत बायको पटकीने गेली, एकुलता मुलगा उटीच्या शाळेत ठेवला, छावणीत पोरांसाठी शाळा काढली. सतरा वर्षं राहिला. मग मोठ्या दुष्काळात रिलीफ कँपच्या कोठारातलं धान्य कमी भरलं, चौकशी झाली आणि १८७८ साली त्याला काढून टाकलं. पुढे होसकोट्याला जाऊन राहिला, तिथेच मेला. एवढंच सापडतं. फोटोसुद्धा नाही.

पिराजी पणजांनी दुकान काढलं तेही १८६१ सालीच. पहिला झगा पेनफोल्डचाच शिवला, असं आप्पा सांगायचे. मापाची ती जुनी वही अजून आहे का? त्यातली मापं उतरवून पाठवलीस तर माणूस अंगाने कसा होता ते तरी लिहिता येईल.

तुझा,
परसू

बेंगळूर
१४ फेब्रुवारी

परसू,
आशीर्वाद आहेतच. दर पत्रात लिहीत बसणार नाही.

वही आहे. जाणार कुठे? वाळवीने कडा खाल्ल्यात, आकडे शाबूत आहेत. तू सवडीने मागतोस आणि मी घाईत आहे. एका सराफाला कोटाच्या आतून पाद्रीखिसा हवाय, तोही परवापर्यंत. माझे डोळे आता काळ्या कापडावर काळा दोरा बघत नाहीत. तुझ्या बापाने तुला सुई धरू दिली नाही, आता भोग म्हणते मी मलाच.

पाद्र्याच्या झग्याची कमर: १८६१ साली चाळीस. १८६९ साली बेचाळीस. १८७४ साली चाळीस. १८७७ साली शेहेचाळीस. झग्याची लांबी दर वेळी तीच, छप्पन्न. त्यानंतर काही शिवलं नाही. पानावर रेघ मारायची राहिलीय. गिऱ्हाईक मेलं की पानावर तिरकी रेघ, ही आपली रीत तुला माहीत असेल. अज्जाने, म्हणजे तुझ्या पिराजी पणजाने, या एका पानावर मारली नाही.

अज्जा सांगायचा की मापाला उभा राहिला तरी हातातलं पुस्तक सोडायचा नाही. टाचणी टोचली तर अज्जाच्या आधी तोच 'सॉरी' म्हणायचा. दुकानाच्या फळीवर बसून गूळ खायचा. आणखी काही विचारायचं असेल तर विचार. पण एकदाच सगळं विचार.

ठकुबाई

धारवाड
२२ एप्रिल १९६१

ती. ठकूआत्तेस,
नमस्कार.

मद्रासला जाऊन चौकशीचे कागद पाहिले. आत्ते, त्यात आपले पणजोबा आहेत! पिराजी शिंपी यांचा जबाब, खाली मोडीत सही. त्यांना विचारलंय, पाद्र्याच्या कपड्यात काही वेगळं केलं होतं का. उत्तर असं: 'साहेबांचं अंग वाढलं म्हणून झगा मोठा केला. खिसे नेहमीचेच दोन.' चौकशी सगळी कागदावर झाली. निकाल मद्रासला बसून दिला. पेनफोल्डने स्वतः जबाबच दिला नाही. 'मला काही सांगायचं नाही' एवढं एक वाक्य लिहून पाठवलं. निरपराध माणूस असं लिहील का?

आणि तू पाठवलेले आकडे त्याला तंतोतंत जुळतात. १८७४ साली चाळीस, १८७७ साली शेहेचाळीस. बाहेर माणसं झाडपाला खात होती आणि याची कमर सहा इंचांनी वाढली. असा पुरावा कुणाला मिळत नाही. प्रकरणाचा शेवट मी यावरच करणार आहे. गोऱ्या पाद्र्याविरुद्ध खरं बोलायला आपला पणजा कचरला नाही, याचा मला अभिमान वाटतो. तुलाही वाटत असेल.

परसू

बेंगळूर
९ मे

परसू,
वाढली तर वाढली कमर. शिंपी काय म्हणाला त्यावर कुणी इतिहास लिहितं होय? त्याच्या शाळेवर लिही. त्या शाळेत आपल्या गल्लीतली निम्मी माणसं शिकली. बायको कशी गेली ते लिही. कमरेवर लिहू नकोस.

काल मिस पेनफोल्ड आली होती. तुला आठवत असेल, पियानो शिकवायची, उंच, काटकुळी. पाद्र्याची नात. आता पंचाहत्तरीची आहे, मडमांच्या वृद्धाश्रमात एका खोलीत राहते. कोट उलटून शिवायला घेऊन आली. हा तिसऱ्यांदा उलटायचा, कापडाला आता तिसरी बाजू कुठून आणू?

म्हणाली, चर्चच्या भिंतीवर सगळ्या पाद्र्यांच्या नावांचा संगमरवरी दगड बसवणार आहेत. पहिलं नाव आजोबांचं हवं. ती दर रविवारी त्याच भिंतीखाली बसते. तिला एवढंच बघून मरायचंय. मला म्हणाली, 'तुम्ही लोकांनी त्यांचे कपडे शिवले. तुमच्या घरात त्यांच्याबद्दल काही चांगलं कुणी बोललं असेल ना?'

मी म्हटलं, कोट मंगळवारी मिळेल.

ठकुबाई

धारवाड
१८ ऑगस्ट १९६१

ती. ठकूआत्तेस,
नमस्कार. तीन महिने तुझं पत्र नाही. तब्येत बरी आहे ना?

पेनफोल्डचं प्रकरण कमिटीला फार आवडलं. सेक्रेटरी ज्ञानमुत्तू मास्तरांनी लिहिलंय की नावं कोरण्याचा प्रश्न माझ्या प्रकरणामुळे सुटला. अशा माणसाचं नाव देवाच्या भिंतीवर नको, असं ठरलं. यादी दुसऱ्या पाद्र्यापासून सुरू होईल. पुस्तक छापखान्यात गेलंय. शेवटचं वाक्य तुझ्यासाठी मराठीत करून देतो: 'भुकेल्यांच्या वाट्याचा घास कुठे गेला, हे शिंप्याची वही आजही सांगते.'

मिस पेनफोल्डनी मला तीन पत्रं पाठवली. म्हातारीच्या भावना समजतात, पण भावनेने इतिहास बदलत नाही. मी उत्तर दिलेलं नाही. तूही तिला दगडाचं काही सांगू नकोस, डिसेंबरात कळेलच.

परसू

बेंगळूर
२ सप्टेंबर

परसू,
खाली बसून वाच. हे मी पुन्हा लिहिणार नाही.

वहीत दर मापाला दोन आकडे असतात. वर अंगाचा, खाली कपड्याचा. टेप अंगाला धरून येतो तो वरचा. त्यात सैल धरून बेततो तो खालचा. झग्याला कमरेत चार इंच सैल लागते. मी तुला नुसते खालचे पाठवले. मुद्दाम. मनात म्हटलं, हा दुकानात रांगला, हा विचारेल, आत्ते, वरचे कुठेत? विचारलंस तर सांगायचं असं ठरवलं होतं. तू विचारलं नाहीस आणि मला सुटल्यासारखं झालं. ही माझी लबाडी.

आता वरचे घे. छत्तीस, अडतीस, छत्तीस. प्रत्येकात चार मिळव, झगा येतो. आता सत्त्याहत्तर साल बघ. कपडा शेहेचाळीस. अंग एकतीस.

पावणेसहा फुटी माणूस होता तो. दुष्काळात त्याची कमर पाच इंच उतरली. चढली नाही. आणि एकतीसच्या अंगावर पंधरा इंच सैल कुठला शिंपी ठेवतो?

ऐक. कँपात ज्यांच्याकडे बिल्ला त्यांनाच अंबील मिळायची. बिल्ला नसलेल्या, होसकोट्याकडून चालत आलेल्या लोकांना शिपाई फाटकातून परत घालवायचे. ते जाणार कुठे? गोऱ्यांच्या कबरस्तानाशेजारी चिंचेखाली बसून राहायचे आणि तिथेच मरायचे. पाद्र्याने साहेबांना अर्ज केले, भांडला, कुणी ऐकलं नाही. मग तो अज्जाकडे आला.

अज्जाने झग्याला आतून पंधरा खिसे लावले. लांब, अरुंद, चालताना हलू नयेत असे. छातीपासून गुडघ्यापर्यंत. एकेकात अर्धा शेर रागीचे दाणे. बाहेरून टाका दिसत नाही तो खिसा. पाद्रीखिसा. आपल्या दुकानात सगळे म्हणतात, तूही म्हणतोस. नाव कशावरून पडलं असं तुला वाटलं?

कोठाराची किल्ली त्याच्याकडे होती. दिवसातून तीन वेळा मयत पुरायला म्हणून फाटकातून जायचा. मयताला निघालेल्या पाद्र्याला शिपाई अडवत नाही. मेलेल्यांना पुरायचा आणि जित्यांना घालून यायचा. म्हणजे धान्य त्याने काढलं हे खरं. खाल्लं हे खोटं. स्वतःचा वाटाही तिकडेच देत होता, म्हणून एकतीस.

मग धान्य कमी भरलं. चौकशीचा कारकून दुकानात आला. खिसे मी शिवले म्हटलं तर अज्जा चोरीचा भागीदार. घरात दोन पोरं, बायकोला दिवस गेलेले. अज्जा म्हणाला, साहेबांचं अंग वाढलं. इथले सगळे त्या माणसाला बघत होते, हाडं दिसत होती त्याची. पण इथल्यांना कुणी विचारलं नाही आणि मद्रासवाल्यांनी त्याला कधी पाहिलं नव्हतं. पाद्र्याने जबाब दिला नाही, कारण दिला असता तर अज्जा आत गेला असता. एवढं साधं आहे ते.

पुढल्या वर्षी पलटणीचे गणवेश आपल्या दुकानाकडे आले. मशीन त्यातून आलं. घर त्यातून उभं राहिलं. तू मास्तर झालास तोही त्यातूनच.

मी तेरा वर्षांची असताना अज्जाने मला तो खिसा शिकवला आणि शिकवताना हे सांगितलं. मी विचारलं, मग तू खरं का नाही बोललास? अज्जा म्हणाला, टाका नीट घाल.

आता तुझं ते शेवटचं वाक्य काढ. ज्ञानमुत्तू मास्तरांना लिही.

ठकुबाई

धारवाड
२० सप्टेंबर १९६१

ती. ठकूआत्ते,
तुझं पत्र दहा वेळा वाचलं. रागावू नकोस, पण मी काय करावं अशी तुझी अपेक्षा आहे? प्रकरण छापून झालंय. तेच एक प्रकरण प्रिन्सिपॉलनी वाचलंय, त्यावरच माझं नाव पुढे गेलंय. आता मी लिहू की मला माझ्या घरच्या वहीतला आकडा वाचता आला नाही? शिंप्याच्या मुलाला? कॉलेजात आधीच काही लोक माझ्यासमोर कात्रीचे विनोद करतात.

आणि पुरावा काय? साठ वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्याने एका मुलीला सांगितलेली गोष्ट. पणजोबांची सही असलेला कागद मात्र सरकारी दप्तरात आहे. तो खोटा ठरवायचा म्हणजे आपल्या पणजाला खोटारडा ठरवायचं. दुकानावर पाटी आहे, '१८६१ पासून'. चर्चच्या गायकांचे झगे अजून तूच शिवतेस. ते काम राहील?

ऐंशीच्या वर वर्षं झाली. सगळे मेले.

हात जोडतो. एवढं राहू दे.

परसू

[पोस्टकार्ड]
बेंगळूर
१ ऑक्टोबर

सगळे मेले नाहीत. पाद्र्याची नात आहे, अजून माझ्याकडे कोट घेऊन येते ती.

पार्सल वेगळं पाठवलंय. मी झगा बेतलाय.

ठ.

बेंगळूर
१४ नोव्हेंबर

परसू,
तुझं उत्तर आलं नाही. नको येऊ दे. काय झालं ते सांगते.

वहीवरून झगा शिवला. काळं कापड, अंग एकतीस धरलं, कपडा शेहेचाळीस. पंधराही खिसे मी लावले. दीड महिना गेला. दोन खिसे उसवून परत घातले, टाका दिसत होता.

काल कमिटीची बैठक होती. मिस पेनफोल्डला घोड्याच्या जटक्यात घातली आणि गेले. बोलावलं नव्हतं. ज्ञानमुत्तू मास्तर म्हणाले, 'ठकुबाई अम्मा, झग्यांचं माप पुढच्या आठवड्यात.' मी म्हटलं, 'माप आजच. उभे राहा.'

'माझं? कशाला?'

'तुम्ही इथे सगळ्यात वाळकुडे आहात म्हणून.'

बाकीचे हसले. मास्तर भला माणूस, उठला. कमरेला टेप लावला, बत्तीस. सगळ्यांना दाखवला. मग झगा घातला. खिसे मी घरूनच रागीने भरून आणले होते, तो अंगात चढवायला दोघं लागले. बटणं लावली. मास्तर एकदम खाटकासारखे दिसायला लागले. एक जण म्हणाला, 'मास्तर, घरी असेच जा, बायको जेवायला वाढणार नाही.' मी म्हटलं, 'दारापर्यंत चालून या.' आले. काही हललं नाही, काही वाजलं नाही.

मग टेबलावर वर्तमानपत्र अंथरलं आणि एकेक खिसा सोडला. पंधरा. साडेसात शेर रागी. ढीग टेबलावरून खाली सांडला. मास्तरांच्या अंगावर झगा ओल्या चादरीसारखा लोंबायला लागला.

वही उघडून दोन्ही आकडे दाखवले. अज्जाचा जबाब तुझ्या पत्रातून वाचून दाखवला.

मास्तर म्हणाले, 'अम्मा, म्हणजे तुमचे आजोबा खोटं बोलले.'

'हो.'

'हे तुम्ही लिहून द्याल?'

'कागद आणा.'

मराठीत लिहिलं, सही केली. मास्तरांनी खाली कानडीत अर्थ लिहिला. मग त्यांची आपसात कुजबुज झाली. एक जण म्हणाला, कोठारातून नेलं म्हणजे चोरीच ना शेवटी. दुसरा म्हणाला, दगड कोरून आलाय, वर जागा नाही. तिसरा म्हणाला, विचार करू. म्हणजे करणार नाहीत. गायकांच्या झग्यांचं मास्तरांनी जाताना हळूच सांगितलं, यंदा दुसऱ्या शिंप्याला विचारायचं ठरतंय. सरी, बरं, म्हटलं.

तिचं सांगायचं राहिलं. ती मागे खुर्चीवर होती. सगळं झाल्यावर पुढे आली, माझ्या हातातला टेप घेतला, एकतीसवर बोट धरून त्याचं कडं केलं आणि टेबलावर ठेवलं. लहान दिसतं रे ते. पंधरा-सोळा वर्षांच्या पोराचं असावं तेवढं.

म्हणाली, 'माझे वडील सांगायचे, आजोबा लठ्ठ होते. आमच्या घरी कुणी दुसऱ्यांदा वाढून घ्यायचं नाही. लोक म्हणतील, रक्तातच आहे. वडील गेले, मी एकटी राहिले, तरी मी कधी दुसऱ्यांदा घेतलं नाही.'

मग माझ्याकडे वळली. 'तुम्हाला केव्हापासून माहीत होतं?'

'तेराव्या वर्षापासून.'

'पंचवीस वर्षं मी तुमच्याकडे कोट आणते.'

'हो.'

जटका थांबला होता, त्यात बसली नाही. चालत गेली. बरं केलं. तिने आभार मानले असते तर मला घरी येता आलं नसतं.

ठकुबाई

धारवाड
२ जानेवारी १९६२

ती. ठकूआत्तेस,
नमस्कार.

तुझं पार्सल ऑक्टोबरातच आलं होतं. मी ते न उघडता कपाटावर टाकलं. तुझं नोव्हेंबरचं पत्र आलं तेव्हा उघडलं. काळ्या कापडाचा एकच खिसा आणि त्यात मूठभर रागी. मी तो उलटा केला, सुलटा केला, उजेडात धरला. टाका सापडला नाही. शाळेत जाताना आप्पांनी माझ्या कोटाला असाच खिसा लावला होता, पेन्सिल हरवू नये म्हणून. मी त्याला पाद्रीखिसा म्हणायचो. रोज म्हणायचो.

दुसऱ्या दिवशी छापखान्याला तार केली आणि कमिटीला पत्र लिहिलं की प्रकरण चुकीचं आहे, चूक माझी आहे, नवं लिहून देतो. त्यांनी जुनं काढलं आणि नवं घेतलं नाही. आता पुस्तकात प्रस्तावनेनंतर एकदम सतरावं पान येतं. प्रिन्सिपॉलनी विचारलं तेव्हा कारण सांगितलं. जूनची जागा दुसऱ्याला जाणार असं दिसतं. कात्रीचे विनोद वाढलेत.

मागच्या आठवड्यात होसकोट्याला जाऊन आलो. तुझ्याकडे आलो नाही, तोंड दाखवायची हिंमत झाली नाही. कबर शोधली. एका म्हाताऱ्याने जागा दाखवली, म्हणाला दगड होता, कुणीतरी पायरीला नेला. पाद्री कोण होता ते त्याला माहीत नव्हतं. वाटलं होतं, निदान तिथे तरी कुणाला तरी ठाऊक असेल. दोन गावं पालथी घातली. कुणाला नाही.

दगड बसला का? मिस पेनफोल्ड कशा आहेत?

तुझा,
परसू

बेंगळूर
११ फेब्रुवारी १९६२

परसू,
तोंड दाखवायला हिंमत कसली लागते? येऊन टाक. मी तिला पंचवीस वर्षं दाखवत होते.

दगड बसला. अकरा नावं आहेत. मी बाहेरूनच बघितला. दुकानावरची '१८६१ पासून' पाटी मी उतरवली. लोक विचारतात दुकान बंद झालं का. मी म्हणते, आत या, मशीन चालतंय.

मिस पेनफोल्ड डिसेंबरभर आली नाही. मला वाटलं कोट दुसरीकडे टाकला असेल. संक्रांतीच्या दिवशी सकाळी आली. हातात काही नव्हतं. फळीवर बसली, पाद्री बसायचा म्हणतात तिथेच. मी तीळगुळाचं एळ्ळु-बेल्ल दिलं, वाटीत पोंगल दिला. सावकाश खाल्ला. बाहेर रस्ता बघत होती. मग वाटी पुढे केली. म्हणाली, 'आणखी आहे?'

मी वाढलं. तिने तेही संपवलं. मी तिच्याकडे बघितलं नाही, मशीनला तेल घालत होते.

जाताना म्हणाली, 'एक कोट नवीन शिवा. उलटून नको.' माप घेतलं. आजोबाच्या पानाखाली जागा होती, तिथेच लिहिलं. कमर अंग सत्तावीस, कपडा एकतीस. लिहिल्यावर आकडा बघितला, तिला दाखवला नाही.

२ तारखेला गेली. झोपेतच. कोट बेतून झाला होता, बाह्या राहिल्या होत्या. तशाच टाचून पूर्ण केला आणि अंगावर घालायला दिला. ज्ञानमुत्तू मास्तर आले होते मयताला. म्हणाले, कमिटीला पुन्हा सांगतो. चेहरा खरा होता. पण एकट्याचं कोण ऐकतं?

आता तुझं काम. कॉलेजला सुट्टी लागली की ये. माझं अक्षर कुणाला वाचता येत नाही आणि मराठी इथे कोण वाचणार? त्या पानावर तू इंग्रजीत लिही, पक्क्या शाईने. रेव्हरंड अँब्रोज पेनफोल्ड, साल १८७७, कमर अंग एकतीस, कपडा शेहेचाळीस. मधल्या पंधरा इंचांत काय होतं ते लिही. कुणी शिवलं ते लिही, शिवणारा काय बोलला तेही लिही. किती वर्षं कोण गप्प बसलं तिथे माझं नाव घाल. कुणी चुकीचं वाचलं तिथे तुझं. लांबवू नकोस, पान लहान आहे.

नातीच्या मापावर मी रेघ मारली. त्याच्यावर मारू नकोस. दगडावर नाव चढेपर्यंत ते पान उघडं राहील. मी नसले तर तू बघ.

येताना तो खिसा आण. पंधरा झग्यात आहेत, हा सोळावा, पण तोही त्यांच्यापाशीच हवा, झगा मी ठेवलाय.

ठकुबाई